घाटावरच्या विहिणी

"विहीणबाई, हात मागं घ्या! हात मागं!"

लीलाताई ओरडल्या तेव्हा माझा उजवा पंजा एका परक्या पोराच्या घामेजल्या पाठीवर होता. पोरगा कोण, कुठल्या देशाचा, मला काही ठाऊक नव्हतं. चढावर त्याची सायकल डुलत होती, तोंड उघडं पडलं होतं आणि तो इतका हळू चालला होता, की मी त्याच्या बरोबरीनं सहज चार पावलं टाकली. हात आपोआपच गेला. त्यानं मागं वळूनसुद्धा न बघता खांदा झटकला आणि लीलाताईंनी माझा स्वेटर धरून मला रस्त्याच्या कडेला ओढलं.

"अहो, पडला असता तो!" मी म्हटलं.

"पडला तर उठंल की. ढकललं तर दंड होतोय त्याला. शर्यतीचं माणूस बघत असतंय." त्यांनी मागून येणाऱ्या मोटरसायकलकडे बोट दाखवलं. "टाळ्या वाजवा, नाव घेऊन ओरडा, पाहिजे तर नाचा. पण अंगाला हात लावायचा नाही."

"नावच माहीत नाही मला त्याचं."

"मग नुसतं ओरडा. त्याला तरी कुठं मराठी कळतंय?"

त्या हसल्या आणि पुढच्या पोरासाठी अशा काही आरोळ्या ठोकायला लागल्या, की शेजारचं जर्मन का डच कुटुंब शर्यत सोडून आमच्याकडे बघत राहिलं. नऊवारी नव्हे, पण इरकल साडी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, डोक्याला मफलर आणि हातात पितळी झांजा. मिरजेहून सामानात घालून आणल्या होत्या त्यांनी.

याला बारा वर्षं झाली. मी तेव्हा परभणीच्या टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त होऊन पहिल्यांदाच परदेशी आले होते, माझ्या मुलीकडे. मृण्मयी, म्हणजे आमची मिनू, आणि जावई कौस्तुभ फ्रान्समध्ये ग्रनोबल नावाच्या गावी राहत. चारी बाजूंनी डोंगर, मधून नदी. योगायोग असा, की कौस्तुभच्या आई, लीलाताई खराडे, त्याच उन्हाळ्यात तिथं आलेल्या. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. पण आम्ही विहिणी त्याआधी सगळ्या मिळून चार-पाचदाच भेटलो असू. भेटलो की मानपानाचं बोलायचं, प्रकृतीचं विचारायचं आणि एकमेकींच्या साड्यांना बरं म्हणायचं. ह्या बाईंना सायकलच्या शर्यतीचं वेड आहे, हे मला त्या घरात गेल्यावर कळलं.

वेड म्हणजे तरी केवढं! तीन आठवड्यांची ती फ्रान्सची शर्यत, तिला तिथं सगळे नुसतं 'टूर' म्हणतात. रोज एक टप्पा, रोज नवं गाव. लीलाताईंच्या वडिलांचं मिरजेत सायकलचं दुकान होतं आणि थोरला भाऊ जत्रेतल्या शर्यती मारायचा. मिरज-सांगलीकडं सायकलच्या शर्यतींना कुस्तीइतका मान, असं त्या सांगत. यजमान गेल्यापासून दर जुलैत दुपारी त्या टीव्हीसमोर बसत, त्या वेळात त्यांच्या घरी पाहुण्यानंसुद्धा जायचं नाही, असा दंडक होता म्हणे.

एका सकाळी चहा घेताना मिनू म्हणाली, "आई, शेजारचे एमील दरवर्षी गाडी घेऊन टूरच्या मागं जातात. झोपायची, स्वयंपाकाची सगळी सोय आहे गाडीत. तीन दिवस जातायत. तू आणि आई जाऊन या ना."

सासूलाही ती आईच म्हणायची.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"कळायला काय लागतं? रस्त्याकडेला उभं राहायचं."

"आणि तुम्ही दोघं?"

"आम्हाला सुट्टी नाही," कौस्तुभ वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाला. ते वर्तमानपत्र फ्रेंच होतं आणि त्याची फ्रेंच यथातथाच होती. पण ते मला तेव्हा सुचलं नाही.

अशी आमची वरात निघाली. एमील सत्तरीचे, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, बायको नसलेले. त्यांना इंग्रजीचे शंभरेक शब्द येत, तेवढेच लीलाताईंना. पण सायकलपटूंची नावं दोघांना सारखीच पाठ, त्यामुळे त्यांचं काही अडत नसे. आम्ही बायका गाडीत झोपायचो, एमील बाहेर तंबू ठोकायचे. मी घरून धपाटे करून घेतले होते. पहिला धपाटा खाल्ल्यावर एमीलनी डोळे मिटले आणि छातीवर हात ठेवला. लीलाताई म्हणाल्या, "घ्या, एक गिऱ्हाईक पटलं तुमचं."

पहिल्या दिवशी छोटा घाट होता, जिथं मी त्या पोराला ढकललं. शर्यत येण्याआधी तासभर जाहिरातींच्या गाड्यांची मिरवणूक निघते, हे मला माहीत नव्हतं. कुठं पावासारखी मोटार, कुठं कोंबड्याच्या आकाराची. त्यांतून टोप्या, बिस्किटं, किल्लीच्या साखळ्या फेकत जातात. मी साठी ओलांडलेली बाई; पण एक पांढरी टोपी हवेत भिरभिरताना दिसली आणि मी पदर खोचून धावले. मिळवली. एका दाढीवाल्या बाप्याच्या हातातून मिळवली. लीलाताईंच्या वाट्याला सॉसेजचं पाकीट आलं. मी तोंड फिरवलं, त्या मिटक्या मारत म्हणाल्या, "डुकराचं हाय वाटतं. देवा, क्षमा कर."

दुसरा दिवस सपाटीवरचा. सूर्यफुलांच्या शेतांमधून गेलेला सरळ रस्ता. सकाळपासून खुर्च्या टाकून बसलो आणि दुपारी सगळी शर्यत एका दमात गेली. सूंऽऽ असा आवाज, वाऱ्याचा झोत, रंगांचा पट्टा. झालं.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढंच."

"याच्यासाठी पाच तास?"

"पाच तास झाले ते काय वाईट झाले का?" लीलाताई म्हणाल्या. "सावली होती, धपाटे होते."

मला प्रश्न पडायची खोडच आहे. एक्स्चेंजमध्ये बसून नुसत्या आवाजावरून माणूस ओळखायची सवय लागलेली. मी त्यांना विचारून विचारून भंडावलं. जिंकणारा एकच, तर बाकीचे दीडशे कशासाठी पळतात? एकाच्या पाठीवरच्या खिशांत इतक्या बाटल्या कशाला? त्यांनी सगळं सांगितलं. प्रत्येक संघात एक नायक. बाकीचे त्याच्यासाठी वारा अंगावर घेतात, मागं जाऊन गाडीतून पाणी आणतात, त्याचं चाक पंक्चर झालं तर आपलं चाक काढून देतात. "आपला नंबर कितवा आला, ते त्यांना कुणी विचारत नाही."

"मग त्यांना काय मिळतं?"

"शर्यतीत होते, हे मिळतं."

बोलता बोलता त्यांचा मोबाइल वाजला. त्यांनी पडद्यावरचं नाव बघितलं आणि उठून सूर्यफुलांच्या बांधापर्यंत चालत गेल्या. कालही तसंच. परत आल्या तेव्हा चष्मा पुसत होत्या.

"कौस्तुभ होता का?"

"होय. जेवला का विचारत होता."

"जेवलात का, म्हणायचंय तुम्हाला."

"ते हो. जेवलात का." त्या खुर्चीत बसल्या आणि दूर डोंगराकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, लेक आईला इतक्या लांब जाऊन बोलायला लावतो, म्हणजे काहीतरी गोड बातमी असावी. मिनूनं सासूला आधी सांगितलं असेल, मला आश्चर्याचा धक्का द्यायचा असेल. नऊ वर्षं वाट पाहिलेली बाई दुसरं काय ओळखणार! मी गालातल्या गालात हसले आणि त्यांना मुद्दाम काही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मोठा घाट. आदल्या संध्याकाळीच एमीलनी गाडी वर नेऊन एका वळणावर लावली होती. वर नुसता दगड आणि गवत, लांब बर्फाचे पट्टे, गाईंच्या गळ्यातल्या घंटा. सकाळी पोलिसांनी रस्ता बंद केला. आता शर्यत जाईपर्यंत एकही गाडी हलणार नव्हती. लोकांनी रस्त्यावर चुन्यानं नावं लिहिली होती. लीलाताईंनीही एमीलकडून डबा मागून घेतला आणि देवनागरीत, हातभर अक्षरांत, 'चला रे पोरांनो' लिहिलं. लिहून झाल्यावर माझ्याशेजारी येऊन बसल्या. बोटांना चुना तसाच.

मला त्या सकाळी फार छान वाटत होतं. म्हटलं, आता आपणच विषय काढावा.

"लीलाताई, मला कळलंय हं."

त्या दचकल्या. "काय?"

"तुमचे ते फोन. लपवून लपवून किती लपवाल? परत गेले, की दोघांना समोर बसवून मी पेढेच मागणार आहे."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. तशी नजर मी त्यांची कधी पाहिली नव्हती. मग खाली बघून बोटांवरचा चुना नखानं खरवडायला लागल्या.

"तसं नाही ओ, कुमुदताई."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली.

"मिनूला बरं नाहीये का?"

"बरी आहे. दोघंही धडधाकट आहेत." त्यांनी बोटं पदराला पुसली. "दोघं वेगळी होतायत."

गाईंच्या घंटा वाजत होत्या. एमीलच्या रेडिओवर कुणीतरी भराभरा शर्यतीचं सांगत होतं.

"वेगळी म्हणजे?"

"वेगळी म्हणजे वेगळी. ह्या तीन दिवसांत मिनू नव्या घरात सामान हलवतीय. नदीपलीकडं. कौस्तुभच मदत करतोय तिला. रोज सांगतोय मला, आज कपाट नेलं, आज पुस्तकं नेली."

"कुणी... मधे कुणी आहे का?"

"कुणी नाही. भांडण नाही, तंटा नाही. मीपण हेच विचारलं होतं, की मग सुटायचं कशाला? तर म्हणतात, भांडायचंसुद्धा राहिलं नाही आमच्यात काही."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"निघायच्या आधीपासून."

"म्हणजे मी मूर्खासारखी धपाटे लाटत होते आणि तुम्हा तिघांना माहीत होतं."

"पहिल्याच दिवशी सांगणार होते. मी त्यांना कबूलच केलं होतं तसं. पण तुम्ही त्या टोपीमागं पळालात, लहान पोरीसारख्या. माझा धीर होईना. काल सांगणार होते, तर तुम्ही प्रश्न विचारायला लागलात. मलाही बरं वाटत होतं ओ कुणीतरी विचारतंय ते."

मी उठले. "मला आत्ताच्या आत्ता घरी जायचंय."

"रस्ता बंद आहे."

"चालत जाईन."

आणि मी खरंच निघाले. घाट उतरायला लागले. डोक्यात वाक्यं तयार होत होती. समजावणं हा माझ्या हातचा मळ. एक्स्चेंजमध्ये चिडलेली माणसं माझ्याकडे जोडून द्यायचे. मिनूला काय म्हणायचं, कौस्तुभला काय म्हणायचं, आधी कुणाला बोलायचं, आवाज कुठं चढवायचा आणि कुठं रडवेला करायचा, सगळं जुळवत मी चालले होते. दोन्ही बाजूंना खुर्च्या, झेंडे, उघडी पोरं, पाव खाणाऱ्या म्हाताऱ्या. सगळे मला हात करत होते. माझ्या डोक्यावर ती पांढरी टोपी होती. मी विसरूनच गेले होते.

पाच-सहा वळणं उतरल्यावर एका तरुण पोलिसानं हात आडवा केला. शर्यत जवळ आली होती. त्यानं मला नम्रपणे दोराच्या मागं उभं केलं. एका बाईनं सरकून घडीच्या खुर्चीवर जागा दिली. कोण कुठली बाई. पण तिनं पाण्याची बाटलीही पुढं केली.

मग हेलिकॉप्टर आलं, गाड्या आल्या, पहिले दोघं आले. लोक वेडे झाले. मग पाच-सहांचा घोळका, मग एकेकटे. मी बघत नव्हते आणि बघतही होते. कालपर्यंत मला हे सगळे सारखे दिसायचे. आज कोण कुणासाठी वारा अंगावर घेतोय, ते कळत होतं आणि त्याचाही राग येत होता.

सगळे गेले असं वाटलं, तेवढ्यात खालच्या वळणावर एकटा एक जण दिसला. हिरवा शर्ट, गुडघ्यावर रक्त सुकलेलं. त्याच्यामागं लाल दिव्याची गाडी आणि तिच्यामागं, वाटेत सोडून देणाऱ्यांना उचलते ती मोठी गाडी. तो अगदी आमच्यासमोर आला आणि थांबला. पाय जमिनीला टेकला. त्याच्या संघाच्या माणसानं गाडीतून उतरून त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, पाठीवर हात ठेवून. तो मान हलवत होता, नाही, नाही. मी मराठीत म्हणाले, "अरे, थोडंच राहिलंय रे बाबा!" माथा खरंच दिसत होता तिथून. पण तो सायकलवरून उतरला. शर्यतीच्या अधिकाऱ्यानं त्याच्या पाठीवरचा नंबर सोडवून घेतला. पोरगं रडत होतं आणि रडता रडता त्यानं त्या अधिकाऱ्याशी हात मिळवला.

आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्याला वाजवल्या तशा आरडाओरड्यानं नव्हे. उभं राहून, सावकाश, तो गाडीत चढून दार लागेपर्यंत. माझ्या शेजारची बाईही उभी राहिली होती.

मी उलटी वळले आणि तो सगळा चढ परत चढले. दम लागला, दोनदा दगडावर बसले. वर लीलाताई होत्या तिथंच होत्या. झांजा पिशवीत तशाच, वाजवल्याच नव्हत्या. एमील लांब जाऊन पाठमोरे उभे होते. त्यांना शब्द कळले नसले तरी बाकी सगळं कळलेलं दिसत होतं.

मी विचारलं, "खाली एक जण उतरला. सोडून दिली शर्यत त्यानं. आणि लोक टाळ्या वाजवत होते. का?"

"मग काय दगड मारायचे?" लीलाताई म्हणाल्या.

मी त्यांच्याशेजारी बसले. म्हटलं, "तुम्हाला वाईट नाही वाटत?"

"माझ्या पोराचाही संसार आहे तो." त्यांनी चष्मा काढला. "बांधावर जाऊन रडत होते, ते काय वारा लागून?"

मग आम्ही दोघीही रडलो. रस्ता मोकळा झाला, लोक खुर्च्या मिटून उतरायला लागले, तरी बसलो होतो. एमीलनी कॉफी आणून दिली आणि तिच्यासोबत शेवटचा धपाटा, दोन तुकडे करून.

संध्याकाळी त्यांनी मला थेट नदीपलीकडच्या पत्त्यावर सोडलं. लीलाताई गाडीतून उतरल्या नाहीत; म्हणाल्या, "तुम्ही दोघी आधी भेटा." मिनूनं दार उघडलं. मागं खोकी, भिंतीला टेकवलेली गादी, खिडकीला पडदा नाही. ती दारातच आडवी उभी राहिली, लहानपणी काही फुटलं की राहायची तशी.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. घाटात जुळवलेल्या वाक्यांतलं हे पहिलं होतं.

"कारण तू समजावलं असतंस," ती म्हणाली. "आणि तू समजावलंस ना आई, की मी ऐकते. दोन वर्षांपूर्वी मी फोनवर बोलले होते तुझ्याशी, आठवतंय? तू समजावलंस. मी ऐकलं."

मला आठवत होतं. नीट आठवत होतं. तासभर बोलले होते मी त्या रात्री आणि फोन ठेवताना तिला हसवलंही होतं.

पुढची सगळी वाक्यं तोंडात होती. चांगली वाक्यं होती, आजही मला पाठ आहेत. मी ती म्हटली नाहीत. म्हटलं, "सरक. घर बघू दे." ती सरकली. मी दोन्ही खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितला, खिडकीतून नदी दिसते का ते बघितलं. मग माझ्या प्रवासाच्या पिशवीतली एक जुनी सुती साडी फाडून आम्ही पडदा केला. तो लावताना स्टुलावर उभ्या उभ्या मिनू मला सांगायला लागली आणि मी ऐकत गेले. मधे एकदाही बोलले नाही. आयुष्यातलं ते माझं सगळ्यांत अवघड काम.

पुढच्या जुलैत मला परभणीला मिरजेहून फोन आला. "टीव्ही लावलाय का? नाही? मग तिथं बसून काय करताय? या इकडं." मी रात्रीच्या गाडीनं गेले, ती टूर संपेपर्यंत राहिले. तेव्हापासून दर वर्षी जाते. मिनू तिकडं तिच्या कामात, तिच्या घरात आनंदात आहे. कौस्तुभनं चार वर्षांनी इचलकरंजीची मुलगी केली. लग्नाला मी गेले होते, आहेरही केला.

त्या लग्नानंतरच्या जुलैत आम्ही दोघी अशाच टीव्हीसमोर होतो. त्या मुलीची आई पहिल्यांदाच घरी आल्या. जरीकाठी साडी, हातात फळांची पिशवी, बसावं का उभं राहावं अशा अवघडलेल्या. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच विचारलं, "ह्या कोण?"

घाट सुरू झाला होता. लीलाताईंनी पडद्यावरची नजर हलवली नाही.

"ह्या होय? ह्या आमच्या थोरल्या विहीणबाई," त्या म्हणाल्या. "बसा की, उभ्या का?"

बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मी सरकून त्यांना जागा करून दिली.